टोपलीच्या खेळाचे जनक : डॉ. जेम्स नेस्मिथ

आमच्या मंडळीतील दोघे तरुण सुटीत घरी आले असता त्यांच्यामध्ये एक वाद चालला होता. एकाचे म्हणणे असे की, अमेरिकेत पगारी खेळाडू जो बास्केटबॉल खेळतात तोच पाहण्यासारखा, कारण तसे कौशल्य अन्यत्र कोठे दिसावयाचे नाही. दुसऱ्याचे म्हणणे असे की, तेथील कॉलेजांचे सामने पाहावे, कारण त्यांत जीव ओतलेला असतो. दोघांनीही ते सामने दूरच्या पडद्यावर पाहिले होते, मैदानावर नव्हे. वाद मिटेना तेव्हा त्यांनी पाळकास पंच नेमले. पंचाने निकाल न देता त्यांस एका मनुष्याचे चरित्र सांगितले, आणि तेच येथे आमच्या वाचकांकरिता, विशेषतः मिशनच्या बोर्डिंगांत ज्यांनी हा खेळ खेळला आहे अशांकरिता, लिहून काढिले आहे.

जेम्स नेस्मिथ ह्यांचा जन्म तारीख ६ नोव्हेंबर १८६१ रोजी कानडा देशात ऑन्टारिओ प्रांतातील आल्मॉन्ट गावाजवळ झाला. आईबाप स्कॉटिश वंशाचे, गरीब व देवभीरू होते. बाप लाकडे कापण्याच्या गिरणीच्या कामावर दुसरीकडे गेला असता १८७० साली तेथे विषमज्वराची साथ आली, आणि थोड्याच दिवसांच्या अंतराने बाप व आई दोघेही निवर्तली. जेम्स तेव्हा सुमारे नऊ वर्षांचा होता. आजीने मुलांस पोटाशी धरिले, परंतु दोन वर्षांनी तीही गेली. मग पीटर यंग नावाच्या अविवाहित मामाने त्यांस वाढविले. हा मामा मोठा करारी होता. असे सांगतात की, एकदा जेम्स घोडे घेऊन गोठलेल्या नदीवरून जात असता बर्फ फुटले व सर्व पाण्यात पडले. मोठ्या कष्टाने घोड्यांस बाहेर काढल्यावर त्याने मान वर केली, तो मामा झाडांआड उभा राहून पाहत होता. मदतीस मात्र आला नव्हता. अशा शिस्तीस कोणी निष्ठुरपणा म्हणेल, आणि मीही तसेच म्हणेन. परंतु ह्या मुलास आपले आपण उठावयास शिकविले ते तिनेच.

गावाजवळ लोहाराचे दुकान होते. तेथील मुले एक खेळ खेळत, तो ऐकून आपल्या लगोरीची आठवण व्हावी. एका मोठ्या धोंड्यावर राखणदार आपला दगड ठेवी, आणि इतरांनी आपापले दगड फेकून तो खाली पाडावयाचा. जो मुलगा नेम धरून जोराने दगड मारी त्याचा नेम चुकला म्हणजे दगड दूर जाई, आणि तो आणावयास धावत असता राखणदार त्यास गाठी. जो हळूच, वरून कमान करून दगड टाकी, त्याचा दगड जवळच पडे व तो वाचे. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण वीस वर्षांनी ती उपयोगी पडली.

पंधराव्या वर्षी जेम्सने शाळा सोडली व तो रानात लाकूडतोड्यांबरोबर कामास लागला. अशी चारपाच वर्षे गेली. त्या लोकांत दारूचे व्यसन फार. एके दिवशी तो दारूच्या दुकानात प्याला मागवून उभा असता शेजारच्या एका वयस्क मनुष्याने त्यास विचारले की, तू मार्गारेट यंगचा मुलगा ना, आणि तुला येथे पाहून तिला थडग्यात तरी चैन पडेल काय? जेम्सने प्याला खाली ठेविला. पुढे त्याने दारूस कधी स्पर्श केला नाही असे त्याचे चरित्रकार लिहितात. तो शाळेत परत गेला. आपल्याहून कितीतरी लहान मुलांच्या बाकावर बसून त्याने १८८३ साली हायस्कूल पुरे केले आणि माँट्रिअल येथील मॅक्गिल विद्यापीठात नाव घातले. पाळकाच्या सेवेत शिरावे हा त्याचा हेतू होता.

विद्यापीठाची पदवी घेऊन तो तेथल्याच प्रेसबिटेरियन कॉलेजात ईश्वरविद्या शिकू लागला. आता त्या काळच्या पुष्कळ भक्तिमान लोकांची समजूत अशी होती की, खेळ हे सैतानाचे साधन होय, व सेवकाने त्यापासून दूर राहावे. आपल्याकडेही अशी समजूत अगदी नाहीशी झाली आहे असे मी म्हणत नाही. उपदेशकाने मुलांबरोबर चेंडू खेळला म्हणून कुरकुरणारे वडीलजन मी पाहिले आहेत. जेम्स मात्र व्यायामशाळेत नियमाने जाई व विद्यापीठाच्या संघात रग्बी खेळे. एका शनिवारी झटापटीत त्याचे दोन्ही डोळे काळेनिळे झाले, आणि दुसऱ्या दिवशी तशाच मुखाने त्यास उपदेशपीठावर उभे राहावे लागले. मंडळीस काय वाटले असेल ते वाचकांनीच मनात आणावे.

त्याच दिवसांत एक लहानशी गोष्ट घडली. सामना चालू असता त्याच्या शेजारच्या गड्याने संतापून शिवी दिली, आणि लगेच जेम्सकडे वळून क्षमा मागितली, कारण तो जवळ आहे हे त्याच्या ध्यानात राहिले नव्हते. जेम्सने ह्या गड्यास कधी बोध केला नव्हता. तो केवळ त्याच्याबरोबर स्वच्छपणे खेळला होता. ह्यावरून त्याच्या मनात आले की, उपदेशपीठावाचूनही तरुणांच्या अंतःकरणापर्यंत जाण्याची वाट आहे. १८९० साली ईश्वरविद्येचा अभ्यास संपताच पाळकपण न घेता तो अमेरिकेत मॅसाच्युसेट्स संस्थानातील स्प्रिंगफील्ड येथे ख्रिस्ती तरुण संघाच्या, म्हणजे वाय. एम. सी. ए. च्या, शिक्षणशाळेत गेला. त्याची बहीण ॲनी हिला हे मुळीच मानवले नाही. भावाने नांगराला हात घालून मागे पाहिले असेच तिला वाटले, आणि ते शल्य तिच्या मनातून शेवटपर्यंत गेले नाही.

स्प्रिंगफील्डच्या शाळेत व्यायामशिक्षणाचे प्रमुख डॉ. ल्यूथर गुलिक होते. ते मिशनरी घराण्यातले, हवाई बेटांत जन्मलेले. १८९१ च्या हिवाळ्यात त्यांच्यापुढे एक अडचण उभी राहिली. संघाचे चिटणीस होण्याकरिता शिकणारे अठरा प्रौढ विद्यार्थी होते. शरद ऋतूत ते मैदानावर फुटबॉल खेळत, वसंतात बेसबॉल. पण मध्ये बर्फ पडे तेव्हा बंद दिवाणखान्यात तीच ती कवाईत व तेच ते लाकडी दांडे. ते कंटाळून गेले व ऐकेनासे झाले. दोन शिक्षकांनी त्यांच्यापुढे हात टेकले. मग गुलिकसाहेबांनी तो वर्ग नेस्मिथांच्या स्वाधीन केला आणि चौदा दिवसांच्या आत घरात खेळण्याजोगा एखादा नवा खेळ काढावा असे सांगितले.

त्यांनी प्रथम मैदानावरचे खेळ घरात आणून पाहिले. रग्बी आणला, तर लाकडी जमिनीवर हाडे मोडावयाची वेळ आली. पायाने खेळावयाचा फुटबॉल आणला, तर खिडक्यांच्या काचा फुटल्या. लॅक्रॉस आणला, तर काठ्यांनी हात व तोंडे फुटली. बारा तेरा दिवस गेले. तेव्हा त्यांनी खेळ बाजूस ठेवून विचार करावयास आरंभ केला, आणि तो विचार कसा पायरीपायरीने गेला हे पाहण्यासारखे आहे. चेंडू लहान असला म्हणजे त्यास मारावयास काठी लागते. म्हणून चेंडू मोठा व हातात धरण्याजोगा घ्यावा. रग्बीत माणसे एकमेकांस का पाडतात? चेंडू घेऊन धावणाऱ्यास अडविण्याकरिता. तर मग चेंडू घेऊन धावावयाचेच नाही. ज्याच्या हाती तो आला त्याने जागेवरूनच दुसऱ्याकडे फेकावा. धावणे गेले म्हणजे पाडणे गेले. आता गोल कसा करावा? गोल उभा असला तर जो अधिक जोराने चेंडू मारील तो जिंकणार. येथे त्यांस लोहाराच्या दुकानाजवळचा तो खेळ व ती कमान करून टाकलेली फेक आठवली. गोल जमिनीस समांतर, आडवा ठेविला तर जोर निरुपयोगी होईल व हळुवारपणाच कामास येईल. आणि सर्व राखणदार त्याभोवती कोंडाळे करतील म्हणून तो त्यांच्या डोक्यांच्या वर टांगावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी शाळेच्या शिपायाजवळ दीड दीड फुटाच्या दोन पेट्या मागितल्या. पेट्या नव्हत्या, पण कोठीत पीच फळांच्या दोन टोपल्या पडल्या होत्या, त्या त्याने आणून दिल्या. नेस्मिथांनी त्या सज्जाच्या कठड्यास दोन बाजूंस खिळ्यांनी ठोकल्या. कठडा जमिनीपासून १० फूट उंच होता. आज जगात कोठेही जा, कडे १० फुटांवरच असते, आणि त्यास कारण तो कठडा, दुसरे काही नाही. त्यांनी तेरा नियम लिहिले, ते टंकयंत्रावर उतरवून घेतले व भिंतीवरच्या फळ्यावर लाविले. तारीख २१ डिसेंबर १८९१ रोजी अठरा जणांचे नऊ नऊ असे दोन भाग करून पहिला सामना झाला. सबंध खेळात एकच चेंडू टोपलीत पडला. विल्यम चेस नावाच्या विद्यार्थ्याने तो दुरून टाकला. टोपलीस बूड होते, म्हणून चेंडू पडला की शिडी लावून वर चढावे लागे. एका विद्यार्थ्याने खेळास शिक्षकाचेच नाव द्यावे असे सुचविले. नेस्मिथ हसले व म्हणाले की, तसल्या नावाने कोणताही खेळ मरून जाईल. मग चेंडू आहे व टोपली आहे, तेव्हा बास्केट बॉल हेच नाव ठरले.

त्या तेरा नियमांत खांद्याने ढकलणे, धरणे, पाडणे, मारणे ह्यांस बंदी होती. दुसऱ्यांदा अपराध केला तर पुढचा गोल होईपर्यंत गड्याने बाहेर बसावयाचे, आणि इजा करण्याचा हेतू दिसला तर संपूर्ण खेळापुरते बाहेर, त्याच्या जागी दुसरा घ्यावयाचाही नाही. म्हणजे बळकट मनुष्यास आपले बळ आवरावयास लावणारा असा हा खेळ होता. सर्व चरित्रातील मर्म मला येथेच दिसते.

नाताळच्या सुटीत विद्यार्थी घरोघर गेले तेव्हा खेळही गेला. जानेवारी १८९२ मध्ये शाळेच्या पत्रात नियम छापून निघाले. त्याच वर्षी ११ मार्च रोजी शिक्षक व विद्यार्थी ह्यांचा सामना सुमारे दोनशे लोकांसमोर झाला, तो विद्यार्थ्यांनी ५ विरुद्ध १ असा जिंकला. जवळच्या शाळेतील शिक्षिका दुपारी खेळ पाहावयास येत. त्याही पुढे खेळू लागल्या, आणि त्यांच्याबरोबर खेळणाऱ्यांत मॉड शर्मन नावाची तरुणी होती. १८९४ साली ती नेस्मिथांची पत्नी झाली. त्या पहिल्या अठरा जणांतील इशिकावा हा जपानी होता. डंकन पॅटन ह्याने १८९४ साली हा खेळ आपल्या हिंदुस्थानात आणिला. स्प्रिंगफील्डचेच विद्यार्थी हॅरी क्रो बक ह्यांनी १९२० साली मद्रासेस वाय. एम. सी. ए. चे व्यायामशिक्षणाचे कॉलेज काढिले, आणि तेथे शिकलेले शिक्षक देशभर पसरले. मुंबईच्या नागपाडा वस्तीत अमेरिकन मराठी मिशनने १९२० नंतरच्या दशकात नेबरहुड हाउस उघडले. गिरणीकामगार व गोरगरीब ह्यांच्या त्या दाटीच्या वस्तीत हा खेळ असा रुजला की, पुढे तिचे नावच त्याच्याशी जोडले गेले.

परंतु ह्या रोपट्यास लवकरच दोन फांद्या फुटल्या, आणि आमच्या तरुणांचा वाद तेथूनच सुरू होतो.

खेळ इतका आवडता झाला की, दहा माणसे खेळत असता व्यायामशाळा अडून राही व इतर पन्नास जणांस जागा मिळेना. शिवाय प्रेक्षक जमू लागले, चुरस वाढली, आणि जो खेळ भांडण टाळण्याकरिता निघाला त्याच्यावरून मारामाऱ्या होऊ लागल्या. कित्येक ठिकाणच्या ख्रिस्ती तरुण संघांनी आपल्याच लेकरास दाराबाहेर काढिले. तेव्हा खेळाडूंनी भाड्याने दिवाणखाने घेतले, भाडे भरण्यासाठी तिकिटे लाविली, आणि तिकिटांतून उरलेले पैसे वाटून घेतले. न्यूजर्सीतील ट्रेंटन शहरी नोव्हेंबर १८९६ मध्ये असा सामना झाला, तो पैसे घेऊन खेळलेला पहिला सामना म्हणून सांगतात. म्हणजे टोपली टांगल्यास पुरती पाच वर्षेही झाली नव्हती. ट्रेंटनला मैदानाभोवती जाळीचा पिंजरा उभारीत, जेणेकरून चेंडू बाहेर जाऊ नये. पुढे काटेकोर लोक म्हणत की, तो प्रेक्षकांच्या बचावाकरिता होता. १८९८ मध्ये पगारी खेळाडूंच्या संघांचे पहिले मंडळ निघाले. ती मंडळे उदयास येत व मावळत. शेवटी १९४६ साली जे स्थापन झाले व १९४९ साली दुसऱ्या मंडळाशी मिळून ज्यास नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन हे नाव पडले, ते टिकले.

दुसरी फांदी कॉलेजांची. नेस्मिथ डेन्व्हर येथे वाय. एम. सी. ए. मध्ये काम करीत वैद्यकी शिकले व १८९८ साली डॉक्टर झाले. त्याच वर्षी कॅन्सस विद्यापीठास लॉरेन्स येथे एक मनुष्य पाहिजे होता, जो सकाळी प्रार्थना चालवील व दुपारी व्यायाम शिकवील. अशा दोन्ही कामांचा मनुष्य कोठे मिळावा? स्प्रिंगफील्डचे त्यांचे जुने सोबती स्टॅग ह्यांनी तारेने त्यांची शिफारस केली. ते तेथे गेले आणि शेवटपर्यंत तेथेच राहिले.

त्यांनी विद्यापीठाचा संघ उभारला. ३ फेब्रुवारी १८९९ रोजी पहिला सामना झाला, त्यात संघ १६ विरुद्ध ५ असा हरला. नऊ हंगामांत त्यांच्या संघाने ५५ सामने जिंकले व ६० गमावले. त्या विद्यापीठात ह्या खेळाचे जेवढे शिक्षक झाले त्यांत जिंकल्यापेक्षा अधिक हरलेले असे एकटे नेस्मिथच, म्हणजे ज्याने खेळ निर्मिला तोच! ह्यात दैवाचा विनोद आहे खरा, पण कारणही आहे. त्यांस जिंकण्याची फारशी पर्वा नव्हती. पुष्कळदा आपल्याच संघाच्या सामन्यात ते पंच म्हणून शिट्टी घेऊन धावत. त्यांच्या हाताखाली खेळलेला फॉरेस्ट ॲलन ह्यास दुसऱ्या कॉलेजाने खेळाचा शिक्षक म्हणून बोलाविले, तेव्हा हा खेळ शिकवावयाचा नसतो, नुसता खेळावयाचा असतो, असे त्यांनी त्यास हसत सांगितले. ॲलनने ऐकले नाही. तो पुढे कॅन्ससचाच शिक्षक झाला व तेथे ५९० सामने त्याने जिंकले. गुरुशिष्यांत ह्या बाबतीत एकमत कधीच झाले नाही, तरी स्नेह तुटला नाही. शिष्य संघास डावपेच शिकवी. गुरु दुसऱ्या खोलीत मुलांची छाती मोजीत, वजन घेत, अशक्त मुलास कोणता व्यायाम द्यावा हे ठरवीत. त्यांनी स्वतः आपला खेळ आयुष्यात दोनदाच खेळला असे ते सांगत.

पाळकपणाची दीक्षा त्यांनी १९१६ साली घेतली, तेव्हा ते चोपन्न वर्षांचे होते. कॅन्ससच्या पलटणीबरोबर धर्मगुरु म्हणून ते मेक्सिकोच्या सरहद्दीवर गेले, आणि पहिल्या महायुद्धात १९१७ पासून वाय. एम. सी. ए. तर्फे फ्रान्सात सुमारे दीड वर्ष राहून सैनिकांस आरोग्य व सदाचार ह्यांविषयी शिकवीत होते. घरी मॉडबाई पाच मुलांचा संसार सांभाळीत होती. खेळाचा हक्क त्यांनी कधी आपल्या नावे नोंदविला नाही, आणि त्यातून त्यांस धन मिळाले नाही. घरात पैशाची ओढ होतीच.

१९३३ साली त्या विद्यापीठात जॉन मॅक्लेन्डन नावाचा एक काळा विद्यार्थी आला. बापाने त्यास नेस्मिथांकडे जाऊन मी तुमच्याजवळ शिकावयास आलो आहे असे सांगण्यास बजाविले होते. त्याप्रमाणे तो त्यांच्या खोलीत शिरला आणि त्यांनी त्यास ठेवून घेतले. परंतु काळ्या विद्यार्थ्यास विद्यापीठाच्या संघात खेळण्याची बंदी होती. नेस्मिथ तेव्हा संघाचे शिक्षक नव्हते, आणि ही बंदी त्यांच्याने उठली नाही. हे लपविण्यात अर्थ नाही. तेथे पोहण्याचा तलाव होता. मॅक्लेन्डन त्यात उतरला, तर नंतर सर्व पाणी सोडून देऊन तलाव रिता करण्यात आला. ज्या देशाने १९२७ साली महाडचे तळे पाहिले, तेथील वाचकांस हे समजावून सांगावयास नको. डॉ. नेस्मिथ त्या तरुणाच्या बाजूस राहिले. १९३६ मध्ये तो पदवीधर झाला. पुढे टेनेसी येथील काळ्या विद्यार्थ्यांच्या कॉलेजाचा शिक्षक असता त्याने १९५७, १९५८ व १९५९ अशी ओळीने तीन वर्षे लहान कॉलेजांचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले, आणि १९६१ साली पगारी संघाचा शिक्षक नेमला गेला. ज्यास कॉलेजाने आपल्या संघात खेळू दिले नाही त्याच्या हाती पगारी लोकांनी आपला संघ दिला. कॉलेजची फांदी तेवढी शुद्ध व पैशाची तेवढी कडू असे जे सहज म्हणतात त्यांनी ही गोष्ट विसरू नये.

१९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिक सामन्यांत बास्केटबॉल प्रथमच घेण्यात आला. ह्याकरिता ॲलनने फार खटपट केली होती. म्हाताऱ्या गुरूस तेथे पाठविण्यास पैसे नव्हते, म्हणून अमेरिकेत गावोगावच्या सामन्यांत तिकिटामागे एक एक पेनी बाजूस काढून खर्च जमविला. मॉडबाईची प्रकृती बरी नसल्यामुळे तिला बर्लिनला जाता आले नाही. जर्मनांनी सामने उघड्यावर मातीच्या मैदानात ठेविले होते. अंतिम सामन्याच्या दिवशी, १४ ऑगस्ट रोजी, पाऊस कोसळला. चिखलात चेंडू उसळेना. अमेरिकेने कानडाचा १९ विरुद्ध ८ असा पराभव केला. एक देश त्यांच्या जन्माचा, दुसरा त्यांनी १९२५ साली नागरिकत्व घेतलेला. चीन, जपान व फिलिपाइन्स ह्यांचे संघही तेथे आले होते. निरनिराळ्या देशांचे खेळाडू झेंडे घेऊन त्यांच्यासमोरून चालत गेले, आणि विजेत्यांस पदके त्यांच्या हातून देण्यात आली. चौदा दिवसांच्या मुदतीत हट्टी विद्यार्थ्यांकरिता काढलेला हा खेळ पंचेचाळीस वर्षांत एवढा झाला होता.

आता वादाकडे वळू. आज पगारी मंडळाचा सामना ४८ मिनिटांचा असतो, कॉलेजच्या पुरुषांचा ४० मिनिटांचा. पगारी संघ एका हंगामात ८२ सामने खेळतात, आणि पुढेही एकमेकांशी सातांपैकी चार जिंकावे लागतात. म्हणून शेवटी बहुधा जो खरोखर वरचढ असतो तोच जिंकतो. कॉलेजांच्या मोठ्या स्पर्धेत ६८ संघ असतात, आणि एकदा हरला तो घरी गेला. तेथे लहानशा गावचे अनोळखी कॉलेज एका संध्याकाळी नामांकितास लोळविते. कौशल्य पाहावयाचे तर पगारी खेळाडूच पाहावे, ह्यात मला शंका नाही. पण ज्यास पुढच्या क्षणी काय होईल ह्याची धडधड हवी, त्यास दुसरा खेळच गोड लागेल, मग चुका अधिक का असेनात. आणि खेळ पाहण्याजोगा करण्याची युक्ती कधी कधी पगारी लोकांसच आधी सुचली. १९५० साली त्यांच्या एका सामन्यात संघ चेंडू नुसता धरून बसले, आणि १९ विरुद्ध १८ असा कंटाळवाणा निकाल लागला. प्रेक्षक उठून जाऊ नयेत म्हणून त्यांनी १९५४ साली २४ सेकंदांच्या आत चेंडू टाकलाच पाहिजे असा नियम केला. कॉलेजांस तसा नियम करावयास, तोही ४५ सेकंदांचा, १९८५ साल उजाडावे लागले.

भोळेपणाचे म्हणाल तर, १९५१ साली न्यूयॉर्कच्या व इतर कॉलेजांच्या खेळाडूंनी जुगाऱ्यांकडून लाच घेऊन गुण मुद्दाम कमी केल्याचे उघडकीस आले. त्यांत एक कॉलेज तर आदल्याच वर्षी दोन राष्ट्रीय स्पर्धा जिंकून आले होते. आणि २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंस आपल्या नावावर पैसे मिळविण्याची मोकळीक आहे. २०२५ पासून कॉलेजे स्वतःही त्यांस पैसे देऊ लागली आहेत. विद्यार्थ्यांच्या श्रमावर इतरांनी लक्षावधी डॉलर मिळवावे आणि विद्यार्थ्याने रिकाम्या हाताने जावे, हा अन्याय होता असे मला वाटते. पण त्यामुळे दोन्ही फांद्यांतले अंतर आता पूर्वीसारखे राहिले नाही हेही खरे.

डॉ. नेस्मिथ स्वतः कोणता खेळ पाहण्यात रमत? मोठ्या शहरांतील दिव्यांच्या झगमगाटापेक्षा एखाद्या आडगावी झाडास किंवा कोठाराच्या भिंतीस ठोकलेले कडे व त्याखाली खेळणारी पोरे पाहून त्यांस अधिक संतोष होई. एकदा आयोवा संस्थानातील एका लहान कॉलेजात ते सहज शिरले. मुले खेळावयाच्या तयारीत होती, पण पंच नव्हता. एकाने सुचविले की, त्या बाकावरच्या गृहस्थास विचारावे. दुसऱ्याने म्हाताऱ्याकडे पाहून सांगितले की, ह्यास बास्केटबॉलातले काय कळणार! डॉक्टर काही न बोलता बसून राहिले व खेळ पाहत राहिले. ही गोष्ट पुढे ते मोठ्या आवडीने सांगत. नवे फेरफार मात्र त्यांस सर्वच आवडले असे नाही. प्रत्येक गोलानंतर मध्यभागी चेंडू उडविण्याची चाल १९३७ साली बंद केली, ती त्यांस रुचली नाही. शिक्षकाने बाजूस बसून खेळाडूंस बाहुल्यांप्रमाणे नाचवावे हेही त्यांस पटत नसे.

१९३७ साली त्यांची पत्नी मॉड वारली, आणि त्याच वर्षी ते विद्यापीठाच्या सेवेतून निवृत्त झाले. त्याच वर्षी कॅन्सस सिटीत लहान कॉलेजांची जी राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली तिच्या उभारणीत त्यांचा हात होता. मॅक्लेन्डनने पुढे जी तीनदा जिंकली ती हीच. १९३९ च्या उन्हाळ्यात त्यांनी दुसरा विवाह केला. त्याच साली २८ नोव्हेंबर रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन लॉरेन्स येथे ते प्रभूमध्ये निजले. वय अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. खेळाच्या उत्पत्तीविषयी त्यांनी लिहून ठेवलेले पुस्तक १९४१ साली त्यांच्या मागे प्रसिद्ध झाले.

शाळेच्या फळ्यावर लाविलेले नियमांचे ते टंकलिखित दोन कागद घराण्यात जपून ठेवले होते. डिसेंबर २०१० मध्ये न्यूयॉर्कला त्यांचा लिलाव झाला, आणि त्यांस ४३ लाख डॉलरांहून अधिक किंमत आली. कॅन्सस विद्यापीठाच्या एका जुन्या विद्यार्थ्याने ते विकत घेऊन विद्यापीठास दिले. लॉरेन्स येथे ॲलनच्या नावाच्या क्रीडामंदिराशेजारी २०१६ साली एक नवी इमारत उघडली, तेथे ते कागद काचेखाली ठेवले आहेत. आमच्या दोघा तरुणांनी एवढे ऐकून घेतले आणि चेंडू घेऊन ते शाळेच्या पटांगणाकडे गेले. तेथील एका खांबाचे कडे वाकले आहे, ते सरळ करून द्यावे असे त्यांनी जाता जाता मला सांगितले.